किती मिनिटं पुढे

कवळीताई हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण गल्लीत दुसऱ्या नावानं विचारत आलात तर कुणी दार दाखवणार नाही. तीस वर्षं ती एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवते. मेण, प्लॅस्टर, चिमुकले ब्रश आणि दुसऱ्यांचे दात यांत तिचा जन्म गेला. गल्लीतले निम्मे म्हातारे तिच्या हातच्या दातांनी जेवतात आणि त्याच दातांनी तिच्याबद्दल बोलतात. बोलण्यासारखं होतंही. वय अठ्ठावन्न, लग्न नाही, आणि थोरला भाऊ, तर त्याचंही लग्न नाही. त्याचं जमलं नाही आणि हिनं जमू दिलं नाही, असं लोक म्हणत. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ही भावंडं एकमेकांशी भांडत आणि एकमेकांना चहा करून देत सुखानं राहिली. आठ महिन्यांपूर्वी दादा गेला. तेव्हापासून चहा एकच कप होतो, आणि भांडण होतच नाही.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्या कामात एक बोल्ट विसरला तर कुणाच्या तरी जिवावर बेततं, त्यामुळे सगळं वहीत लिहून ठेवायची त्याला खोड लागली होती, आणि जित्याची खोड ती घरातही सुटेना. ‘गॅस बंद केला का पाहणे. दिवा बदलणे. धाकटीला फोन करणे, तिचं ऐकून घेणे, वाद घालू नये.’ धाकटी म्हणजे त्यांची सगळ्यात लहान बहीण, तासाभराच्या अंतरावर नवऱ्या-मुलांसह राहणारी. गाडीची वही वेगळी होती, ती डॅशबोर्डच्या खणात असायची.

गाडी जुनी, राखाडी रंगाची, दोघांत एक. रोज सकाळी तिला लॅबवर सोडून दादा पुढे कामावर जायचा. पन्नाशी उलटल्यावर त्यानंच तिला चालवायला शिकवलं, आणि शेवटच्या वर्षी तीच त्याला इस्पितळात नेऊ-आणू लागली. या गाडीतलं घड्याळ पुढे होतं. दादानं ते मुद्दाम तसं ठेवलं होतं. कवळीताई पक्की लेटलतीफ. खाली उतरायला निघायची आणि पुन्हा वर जायची, कधी चष्म्यासाठी, कधी उगाचच. खाली दादा स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसलेला. एक दिवस त्यानं घड्याळ पुढे केलं आणि तसं तिला सांगूनही टाकलं. फक्त किती, ते सांगितलं नाही.

“अरे पण किती?”

“ते कळलं की तू तेवढी मिनिटं खाशील.”

तिला शोधून काढता आलं नसतं असं नाही. फोनवर एक नजर टाकली की झालं. पण हा डाव होता, आणि रडीचा डाव तिला लहानपणापासून आवडत नसे. गाडीत बसताना फोन पर्समध्ये आणि पर्स मागच्या सीटवर. लॅबमध्ये शिरल्यावर आधी हात धुवायचे, एप्रन चढवायचा, टेबल पुसायचं, आणि मगच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं, म्हणजे ताळा लागायचाच नाही. पाच आणि पंधराच्या मधलं काहीतरी असेल, यापलीकडे तिनं कधी अंदाजही केला नाही. अकरा वर्षं हे असंच चाललं.

दादा गेला आणि घर मुकं झालं. तिला ‘चल गं, आटप’ म्हणणारं जगात एकच काही उरलं होतं, ते म्हणजे गाडीतले हिरवे आकडे. सकाळी किल्ली फिरवली की ते उजळायचे, उशीर झालेला दिसायचा आणि तेवढ्यापुरतं कुणीतरी आपल्यावर वैतागलंय असं वाटायचं. बरं वाटायचं तिला. वेडेपणा म्हणायचा तर म्हणा, पण आठ महिने ती त्या वेडेपणावर सकाळी उठत होती.

आणि आता नेमकं गाडीचंच घोडं अडायला लागलं. पळताना गाडी ठीक असे. कुठे थांबलं आणि पाय वर घेतला की इंजिन थरथरायचं आणि गप्प व्हायचं. मंगळवारी रेल्वे फाटक उघडल्यावर ती तिथेच तीनदा बंद पडली. मागे भोंग्यांचा नुसता कल्लोळ. शेवटी एका ट्रकवाल्यानं उतरून ढकलून दिली. हे सगळं तिनं संध्याकाळी धाकटीला फोनवर सांगितलं, आणि तिथेच चुकलं.

“ताई, रुळांवर बंद पडली असती म्हणजे?” धाकटी ओरडलीच. “रविवारी चार वाजता येते मी. त्याच फाटकापर्यंत जाऊन येऊ. एकदा जरी बंद पडली ना, तर गाडी द्यायची. यांनी गिऱ्हाईक बघून ठेवलंय.”

“बरं.”

“नुसतं बरं नको. शब्द दे.”

तिनं दिला. वाद घालू नये, असं वहीतच लिहिलेलं होतं.

गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलंसुद्धा नाही. “थ्रॉटल बॉडी काळी झाली असणार, ताई. इंजिनात हवा सोडायची झडप असते ना, ती. साफ करावी लागेल. पुढच्या आठवड्यात आणा, या आठवड्यात मला श्वास घ्यायला वेळ नाही.” पुढचा आठवडा म्हणजे रविवार उलटून गेल्यावर. वैद्य यायचा आणि रोगी जायचा, त्यातलीच गत. कवळीताई गाडीत येऊन बसली, तेव्हा तिला आठवलं की दर दोन वर्षांनी एका रविवारी दादा स्वतःच बॉनेटमध्ये डोकं घालून बसायचा आणि ‘तू वर जा, मला मध्ये मध्ये नको’ म्हणून तिला पिटाळायचा. या वेळी ते राहून गेलं होतं, कारण तो रविवार इस्पितळात गेला. तिनं खणातली वही काढली. ‘थ्रॉटल बॉडी साफ करणे’ असा मथळा आणि खाली पानभर आकडे घातलेल्या चौदा ओळी. शिवाय काजळी काढायच्या फवाऱ्याचा अर्धा डबा डिकीत होताच.

रविवारी दहा वाजता ती खाली उतरली. लॅबमधले दोन मऊ ब्रश, जुन्या चादरीची फडकी, प्लॅस्टर कालवायची रबरी वाटी, दादाची पान्यांची पेटी. तळमजल्यावरचे काका खुर्ची टाकून बसलेलेच होते. सकाळपासून त्यांना बघण्यासारखं काही मिळालं नव्हतं.

“काय कवळीताई, आज इंजिनाचे दात काढताय वाटतं?”

“तुमचे बसवलेत ते नीट चालतायत ना? मग गप बसा.”

काका खूश झाले. तिनं वही बॉनेटच्या कडेला चिमट्यानं अडकवली. ‘१. इंजिन पूर्ण थंड असणे. २. बॅटरीची काळी तार आधी काढणे, फडक्यात गुंडाळणे. लाल तारेला हात लावू नये.’ तिनं दहा नंबरच्या पान्यानं तार सोडवली आणि गुंडाळून बाजूला ठेवली. मग हवेच्या जाड रबरी पाइपाची पट्टी ढिली केली, पाइप ओढून काढला, प्लग दाबून सोडवला. चार बोल्ट एकेक करून वाटीत टाकले आणि ‘मोजणे’ असं लिहिलंय म्हणून दोनदा मोजले. मग तो तुकडा तिच्या हातात आला. धातूचा बिनबुडाचा पेला, आत एक आडवी चकती. ही चकती उघडते-मिटते तसं इंजिन श्वास घेतं. उघड्या पडलेल्या तोंडात काही सांडू नये म्हणून तिनं तिथे फडकं कोंबलं.

चकतीच्या कडेनं काजळी धरली होती. जन्मभर चहा आणि सिगारेट यांवर राहिलेल्या माणसाच्या दातांमागे असते तशी काळी, चिवट कड. अशी कड काढणं म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. ‘फवारा थेट मारू नये, फडक्यावर मारून पुसणे. चकती बोटाने ढकलू नये, मोटर नाजूक असते.’ ती पायरीवर बसून ब्रशची टोकं फिरवू लागली, आणि सवयीनं तोंडातून गेलं, “हं, आ करा.” लॅबमध्ये ती प्रत्येक कवळीला असं म्हणते. दादा तिची नक्कल करायचा. घरी दाढी करताना आरशासमोर उभा राहून स्वतःलाच ‘आ करा’ म्हणायचा. तिनं मान वर केली. काका पेंगत होते, बाकी कुणी नव्हतं. ती पुन्हा खाली बघून पुसू लागली.

दोन तासांत पेला आरशासारखा झाला. त्यात तिचं नाक दिसत होतं. सगळं उलट्या क्रमानं बसवलं, चार बोल्ट चार जागी गेले, शेवटी काळी तार लावली, बॉनेट अजून उघडंच ठेवून तिनं किल्ली फिरवली.

गाडी डरकाळी फोडून सुरू झाली. पाय वर होता, तरी इंजिन एखाद्यानं ॲक्सिलरेटर दाबून धरल्यासारखं घोंघावत होतं. तिनं झटकन बंद केलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. बंद पडणारी गाडी आता थांबायला तयार नव्हती. आगीतून फुफाट्यात!

काका दचकून जागे झाले. “काहीतरी उलटं बसलंय,” असं निदान करून ते जेवायला निघून गेले.

कवळीताईच्या तोंडचं पाणी पळालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गाडी बरी होती, निदान पळत तरी होती. आता चार वाजता धाकटी येणार, हा आवाज ऐकणार, आणि फाटकापर्यंत जायचीही गरज पडणार नाही. तिनं वही ओढून घेतली. चौदाही ओळी झाल्या होत्या. एकही चुकली नव्हती. तिनं रागानं पान उलटलं. दादा पानाच्या एकाच बाजूला लिहायचा, मागची बाजू कोरी ठेवायचा, म्हणून तिनं इतका वेळ ते उलटलंच नव्हतं. आणि या पानाच्या मागे लिहिलेलं होतं.

‘१५. इंजिन आता जोरात पळेल. घाबरू नये. काजळी होती तेव्हा हवा कमी पडे, म्हणून गाडीचा मेंदू झडप जास्त उघडून भागवत असे. ती सवय जायला वेळ लागतो. पंधरा मिनिटे नुसते चालू ठेवणे. पायाने डिवचू नये.’

जीव भांड्यात पडणं काय असतं ते तिला कळलं. तिनं गाडी सुरू केली, पाय सीटखाली ओढून घेतले, हात मांडीवर ठेवले. पंधरा मिनिटं मोजायची म्हणून घड्याळाकडे बघितलं.

बारा वाजून चार मिनिटं.

असं कसं? जेवणवेळ टळून गेली होती, एक कधीच वाजून गेला असणार. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. काळी तार. तार काढली तेव्हा घड्याळाचा जीव गेला, आणि तार लावल्यावर ते बारापासून नव्यानं मोजायला लागलं.

तिनं वही पुन्हा उचलली. शेवटची ओळ राहिली होती.

‘१६. घड्याळ लावणे. ती वर असताना.’

‘तू वर जा, मला मध्ये मध्ये नको.’ असं होतं तर ते. तिनं पान उन्हाकडे धरून बघितलं, समास बघितला, पुठ्ठ्याची आतली बाजू बघितली, पुढची-मागची पानं चाळली. टायरमधली हवा लिहिलेली होती, वायपरची लांबी लिहिलेली होती. किती मिनिटं, ते कुठेच नव्हतं. सगळं जग लिहून ठेवणाऱ्या माणसानं एवढी एकच गोष्ट डोक्यात ठेवली, आणि ते डोकं आता नाही.

इंजिन घोंघावत होतं आणि ती हलू शकत नव्हती. स्वतः लावावं, तर आकडा आपल्याला कळणार. डोळे मिटून बटण दाबावं, तर बोटं मोजणार, तीस वर्षं दात मोजत आलेली बोटं ती. मग दुसऱ्या कुणाला सांगायचं? काकांना सांगितलं तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर दवंडी. गॅरेजवाला म्हणेल, बाईचा एक स्क्रू ढिला झालाय. लॅबमधल्या मुली दिवसभर कानात गाणी घालून बसतात. धाकटी म्हणेल, ताई, आता पुरे. माझं घड्याळ चुकवून दे आणि किती चुकवलंस ते मला सांगू नकोस, असं ज्याला हक्कानं म्हणता येईल असं माणूस शोधत ती सगळी गल्ली, सगळी लॅब, सगळे नातेवाईक फिरून आली आणि रिकाम्या हातानं परत आली. आपण किती एकट्या आहोत ते तिला त्या घटकेला पुरतं कळलं. दादा गेला त्या दिवशी ती आलेल्या-गेलेल्यांना चहा करत होती. आज ती रडली. डोळ्यांना लावलेल्या फडक्याला फवाऱ्याचा वास होता, त्यानं डोळे आणखीच चुरचुरले.

फडकं खाली घेतलं तेव्हा बारा वाजून एकवीस मिनिटं झाली होती आणि इंजिन शांत झालं होतं. इतकं शांत, की ते चालू आहे का हे बघायला तिला स्टिअरिंगवर हात ठेवावा लागला.

धाकटी चारच्या ठोक्याला आली. आल्या आल्या ताईचे लाल डोळे तिनं बघितले आणि ती सरळ गाडीत जाऊन बसली. दोघी निघाल्या. फाटक बंद होतं. कवळीताईनं गाडी थांबवली, पाय वर घेतला आणि श्वास रोखला. धाकटी कान देऊन बसली. मालगाडी आली, एकेक डबा करत जाऊ लागली. इंजिन जराही अडखळलं नाही.

“चालतेय की गं,” धाकटी शेवटी म्हणाली. “कुणी केली?”

“मी.”

धाकटीनं तिच्या नखांकडे बघितलं, त्यांत अजून काजळी होती. “बरं. यांना सांगते, गिऱ्हाइकाला नाही म्हणून.” मग काहीतरी करायचं म्हणून तिनं हात पुढे केला. “आणि हे काय? पावणेतीन? सव्वाचार वाजलेत. थांब, लावून देते.”

“हात लावू नकोस!”

ती इतक्या जोरात ओरडली की धाकटीचा हात हवेतच राहिला. मग सांगावंच लागलं. काळी तार, मागचं पान, सोळावी ओळ, सगळं. पुढची कुठली ओळ आता धाकटीच्या तोंडून येणार ते तिला पाठ होतं. ताई, आता पुरे.

धाकटीनं हात मागे घेतला.

“मला माहितीय,” ती म्हणाली.

“काय?”

“किती पुढे होतं ते. दादाला शेवटचं इस्पितळात नेलं ना, मी मागे बसले होते. मला वाटलं डॉक्टरांची वेळ चुकली, म्हणून मी घाबरून मोबाईल बघितला. तर गाडीतलं घड्याळच पुढे. मी सांगणार होते तुला, पण दादानं मागे वळून माझा हात दाबला आणि ओठांवर बोट ठेवलं. आकडा लक्षात आहे माझ्या. ताई, ते बरोबर...”

कवळीताईनं तिच्या तोंडावर हात दाबला. काजळीचा, फवाऱ्याच्या वासाचा हात. “सांगू नकोस,” ती म्हणाली. “लाव.”

आणि तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. बटणाचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून ती मोठ्यानं डबे मोजू लागली. एकोणीस, वीस, एकवीस. आवाज फाटत होता, तरी मोजत राहिली.

“झालं,” धाकटी म्हणाली.

फाटक उघडलं. मागून भोंगे सुरू झाले, तशी कवळीताईनं गाडी पुढे घेतली आणि घरी पोचेपर्यंत घड्याळाकडे बघितलंच नाही.

सोमवारी सकाळी चष्म्यासाठी एकदा आणि उगाचच एकदा वर जाऊन कवळीताई गाडीत बसली. शेजारची सीट रिकामी. पर्स मागे टाकली, किल्ली फिरवली, हिरवे आकडे उजळले. अगंबाई, केवढा उशीर! तिनं गाडी काढली, आणि ती वाटेत एकदाही अडली नाही.

लॅबला कुलूप होतं. आतलं घड्याळ काचेतून दिसत होतं, म्हणून ती रस्त्याकडे तोंड करून पायरीवर बसली. आता तिला इथे सोडून पुढे जाणारं कुणी नव्हतं. बऱ्याच वेळानं मालक किल्ल्या वाजवत आले आणि तिला बघून थबकले.

“ताई, तुम्ही? आज चक्क लवकर!”

“हो,” ती उठत म्हणाली. “पण किती लवकर, ते सांगू नका.”